दिव्याची पाळी आणि सत्यवतीकाकी

गोव्यातल्या चोपडे गावच्या त्या वाड्यावर, म्हणजे वस्तीवर, कुणाला कामातून मोकळं करायचं झालं तर शाल-श्रीफळ देत नाहीत. नुसतं म्हणतात, "तू बस." भांडं उचलायला वाकलं की "बस गो". लग्नघरी नारळ खवायला विळी ओढली की चार हात पुढं येतात, विळी काढून घेतात आणि प्रेमानं म्हणतात, "काकी, तू बस गो." सत्यवतीकाकींच्या दोन्ही गुडघ्यांनी दगा दिला तेव्हापासून हे इतक्या तोंडांनी ऐकून झालं होतं, की बारशाला आपलं नाव 'बस' असंच ठेवलं होतं की काय, अशी त्यांना शंका यायची.

काकी मूळच्या लाटंबार्श्याच्या. डिचोलीकडचं भाताचं आणि काजूचं गाव ते. तिथून लग्न होऊन त्या शापोरा नदीच्या काठी आल्या, तेव्हा माहेर-सासरातला फरक आधी त्यांच्या नाकाला कळला. तिकडं उन्हाळ्यात काजूच्या बोंडांचा वास, इकडं दारोदार सुकत घातलेल्या सुंगटांचा, म्हणजे कोळंबीचा. नवरा वास्कोच्या बंदरात कामाला. शनिवारी संध्याकाळच्या बसनं यायचा, सोमवारी पहिल्या बसनं जायचा. मधले दिवस करायचं काय? दुसरी एखादी रडत बसली असती. सत्यवतीनं वाडा वाटून घेतला.

सोमवारी या घरी, मंगळवारी त्या घरी. कुणाची बाळंतीण असली तर बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ घालायला सत्यवती. कुणाला ताप आला तर पेजेचं भांडं पदराखाली धरून सत्यवती. कुणी जायला टेकलं तर उशाशी बसून तोंडात पाणी घालायलाही सत्यवतीच. आजारी माणसाला ती औषध द्यायची असं नाही. दारात उभी राहून "काय गो, कशी आसस?" एवढं विचारायची, आणि मग अर्धा तास दुसऱ्याच कुणाची तरी नालस्ती करायची. त्यानं निम्मा ताप उतरायचा. उरलेला निम्मा डॉक्टरांकडे.

नवरा गेला, मुलगा गौरेश बापाच्याच वाटेनं वास्कोला लागला आणि तिथंच फ्लॅट घेऊन राहिला, तरी काकींच्या फेऱ्या चालू होत्या. मग गुडघे गेले आणि फेऱ्या थांबल्या. आता त्या पडवीत कदेलीवर बसून रस्त्याकडं बघायच्या. कदेल म्हणजे साधी लाकडी खुर्ची, पण काकींना ती हल्ली खुर्चीपेक्षा शिक्षा वाटायची.

वाड्यावर नवी पद्धत सुरू झाली ती याच सुमाराला. झालं असं, की एक एकटी राहणारी म्हातारी न्हाणीघरात पडली आणि रात्रभर तशीच पडून राहिली. दुसऱ्या दिवशी पहाटे पाव घेऊन येणाऱ्या पोदेरानं पाहिलं, तर काल सांजेला लावलेली उंड्यांची, म्हणजे पावांची, पिशवी तशीच दाराला लटकलेली. त्यानं आरडाओरडा केला तेव्हा वाडा जागा झाला. म्हातारी वाचली, पण लेक तिला म्हापशाला घेऊन गेली आणि त्या दाराला कुलूप लागलं.

वाडा मान खाली घालून वावरू लागला. रविवारी देवळापुढं बैठक झाली. बालवाडी चालवणाऱ्या शुभांगीनं एकच गोष्ट सांगितली. "राष्ट्रोळीचो दिवो एक सांज चुकलो तर आमका झोप लागणा नाय. आणि माणूस रातभर पडून रवला, तर आमी जेवन निजलंव."

राष्ट्रोळी हे वाड्याचं दैवत. त्याच्या देवळात सांजेचा दिवा लावायची घराघराला पाळी असते. आज या घराची, उद्या त्या घराची. पाळीच्या दिवशी त्या घरानं शिवराक राहायचं, म्हणजे मासळीला शिवायचं नाही. पोर्तुगीज होते तेव्हाही ही पाळी चुकली नव्हती आणि ते गेल्यावरही नाही. शुभांगीचं म्हणणं एवढंच, की दिवा लावून झाला की त्याच घरच्या माणसानं तसंच पुढं जाऊन एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांच्या दारात जावं, जेवण झालं का, गोळ्या आहेत का विचारावं आणि रक्तदाब मोजावा. देवासाठी घराबाहेर पडलेलं माणूस माणसासाठी चार पावलं जास्त चालेल.

वाड्यानं मिळून यंत्र आणलं. आरोग्यकेंद्रातल्या पूनम नर्सनं येऊन सगळ्यांना ते दंडाला बांधायला शिकवलं. आकडे मोबाईलच्या गटावर टाकायचे ठरलं, म्हणजे परगावच्या मुलांनाही कळेल. आणि ही पद्धत खरोखर चालली. एकाचा वाढलेला दाब वेळेवर सापडला, एकीला छातीत दुखतंय हे तिनं सांगण्याआधी शेजारणीनं ओळखलं आणि गाडीत घातलं. वर्षानुवर्षं बांधावरून न बोलणारी दोन घरं एकमेकांच्या म्हातारीचा दंड धरू लागली.

फक्त एक झालं. यंत्र देवळाच्या कपाटात ठेवलं, कापराच्या डब्याशेजारी. तिथं राहून राहून त्यालाही थोडं देवपण आलं. कुणी त्याला हात लावण्याआधी पाय धुऊ लागलं, कुणी चपला बाहेर काढून रक्तदाब मोजू लागलं, एका बाईनं तर त्याला हळदकुंकू वाहिलं. शिवाय पाळीचा माणूस शिवराक. तो सांजेला ज्या दारात जाई तिथं नेमके बांगडे तळत असायचे. मोजून घेणाऱ्यापेक्षा मोजणाऱ्याचाच दाब वाढायचा.

सत्यवतीकाकींना हे सगळं मनापासून आवडलं होतं. वाड्यानं त्यांचंच काम हाती घेतलं होतं, फक्त यंत्रासकट. म्हणून त्यांनी पुढच्या बैठकीला काठी टेकत जाऊन सांगितलं, की आमच्या घराची पाळी मी करणार. दिवा लावणार आणि फेरीलाही जाणार. सगळे एकमेकांकडं बघू लागले. मग हसले. वाईट हसले असते तर काकींनी दोन शब्द ऐकवले असते, पण ते प्रेमानं हसले. देवस्थानचा अध्यक्ष कृष्णनाथ, ज्याला काकींनी पायांवर घेऊन न्हाऊ घातलं होतं, तो उठला आणि त्यांना खुर्ची देत म्हणाला, "काकी, तुझी पाळी शुभांगी करतली. तू बस. तुका बघूक आमी येतंव."

म्हणजे जी दारोदार जायची तिच्या दारात आता लोक येणार. घरी आल्यावर काकींनी पेज केली आणि तशीच झाकून ठेवली.

तरी त्या फेरीवरच त्यांचं चोपड्यातलं राहणं टिकून होतं, हेही खरं. गौरेश गेली दोन वर्षं मागं लागला होता. वास्कोला चल, लिफ्ट आहे, डॉक्टर खालीच आहे. शेवटी मायलेकरांत तह झाला, की गटावर रोज सांजेला आईचा आकडा आला तर आई गावी राहील. ज्या दिवशी आकडा येणार नाही, त्या दिवशी तो येऊन तिला घेऊन जाईल. त्यामुळं काकी दंड पुढं करायच्या तेव्हा परीक्षेला बसल्यासारख्या बसायच्या. आकडा बरा आला की आणखी एक दिवस गावात. पण आत कुठं तरी वाटत राहायचं, की एकदा, एकदाच, आपण उठून कुणाच्या तरी दारात जावं आणि "कशी आसस?" म्हणावं. तोंडातला तो प्रश्न न विचारून विचारून आंबत चालला होता.

आणि मग बेळगावला एक आजोबा वारले.

हे आजोबा वाड्यावरच्या कुणी पाहिलेले नव्हते. तरुणपणी ते भांडून गेले आणि तिकडंच नव्वदी गाठली. पण वाडा सगळा एका कुळाचा, त्यामुळं सुतक सगळ्यांना. ज्या माणसानं जिवंतपणी वाड्याला एक पत्र घातलं नाही, त्यानं मेल्यावर अख्ख्या वाड्याची मासळी बंद केली. देवळात पाय ठेवायचा नाही. दिवा लावायला पलीकडच्या वाड्यावरचा साईश येऊ लागला, कारण तो वेगळ्या कुळाचा.

आणि यंत्र? यंत्र कपाटात. कपाट देवळात. देऊळ आपल्याला बंद. पाळीच नाही तर फेरी कसली? असं कुणी ठरवलं नाही. कुणी बोललंसुद्धा नाही. सगळ्यांनी आपापल्या घरी बसून आपोआप तेच मानलं.

पहिल्या सांजेला काकींना जरा बरंच वाटलं. परीक्षा नाही. गौरेशनंही सुतक फिटेपर्यंत आकड्याऐवजी रोजच्या फोनवर भागवायचं कबूल केलं होतं. दुसऱ्या सांजेला त्यांनी केस विंचरले आणि मग आठवलं, की कुणी येणार नाही. त्यानंतर सांज आली की त्या जनेलाशी, म्हणजे खिडकीशी, जाऊन उभ्या राहू लागल्या. साईश दिवा लावून सायकलवरून निघून जायचा. दिवा दिसायचा, पण दिव्यामागून येणारी पावलं नसायची. बसल्या बसल्या काकी मनातल्या मनात फेरीची घरं फिरायच्या. या घरी बरं असेल, सुनेची बहीण आलीय. त्या घरी बरं असेल. मग मन उतारावरून खाली जायचं आणि नदीकाठच्या शेवटच्या घरापाशी थांबायचं.

तिथं बाबली राहायचा. काकींच्या नवऱ्याचा चुलतभाऊ. सरकारी बसवर ड्रायव्हर होता, आयुष्यभर पेडणे-वास्को केली. बायको गेल्यापासून कुणाशी बोलत नव्हता. फेरीला आलेल्यांपुढंही तो नुसता हात करायचा, आणि त्यांनी विचारलेल्या प्रश्नाला मानेनं उत्तर द्यायचा. त्याचं बोलणं काय ते त्या हातापुरतं.

काकी जनेलाशी उभ्या होत्या आणि एकाएकी त्यांना लख्ख कळलं. बाबली सुतकात, आपणही सुतकात. कोण कुणाला विटाळणार? यंत्र देवाचं असेल, पण पाय तर आपलेच आहेत. आणि कुणाची म्हणून पाळी नाही, तर आपली असायला काय हरकत?

त्यांनी काठी घेतली. पेजेचं भांडं घेतलं, पदराखाली धरलं. मोबाईल चार्जिंगला होता तो तिथंच राहिला, कारण त्यांच्या तारुण्यातल्या फेऱ्यांत मोबाईल नव्हता.

उतार म्हणजे धडधाकट माणसाला जाणवतही नाही असा. पण वाटेतल्या प्रत्येक घरातून हाक आली. "काकी, खंय चललंस? बस गो." काकी म्हणायच्या, "आयलंय हां," आणि पुढं सरकायच्या. एका घरी तर खुर्चीच वाटेवर आणून ठेवली. काकींनी तिचा कठड्यासारखा आधार घेतला आणि तिला वळसा घालून गेल्या. एक गुडघा म्हणत होता थांब, दुसरा म्हणत होता परत फिर. चालत होती ती फक्त जीभ, आतल्या आत, प्रश्न घोळवत.

बाबली पायरीवर बसला होता. दाढी केलेली, केसांना तेल. सदऱ्याची उजवी बाही दंडापर्यंत नीट दुमडलेली.

काकी उभ्याच राहिल्या. ही बाही आजच दुमडलेली नव्हती. तिची घडी सांगत होती, की ती रोज सांजेला दुमडली जात होती आणि रोज कुणी न येता पुन्हा सोडली जात होती.

"वयनी, तुमी?" बाबली म्हणाला.

"आज आमच्या घराची पाळी."

"मशीन खंय?"

"मशीन सुतकात आसा."

बाबली हसला. इतक्या दिवसांनी हसला, की त्याला ठसका लागला. काकींनी पाणी दिलं, त्याच्याजवळ पायरीवर बसल्या आणि मग, अगदी सावकाश, जपून ठेवलेला खाऊ द्यावा तसं विचारलं, "कशे आसास, भावजी?"

बाबलीनं पाण्याचं भांडं खाली ठेवलं. मग तो बोलू लागला. गोळ्या सुतक लागलं त्याच सुमाराला संपल्या होत्या. डोकं जड होतं, सकाळी उठताना घर फिरतं. काकींनी विचारलं, मग कुणाला सांगितलं का नाही? तो म्हणाला, कोण आलंच नाही, कोणाक सांगू? काकी म्हणाल्या, अहो, तुमचे पाय बरे आहेत, तुम्हीच वर यायचं होतं. यावर बाबलीनं आश्चर्यानं त्यांच्याकडं पाहिलं आणि म्हणाला, "पाळी माझी खंय होती?"

काकींना हसावं की रडावं कळेना. वाड्याचा हाच गुण आणि हाच रोग. पाळीचं काम जीव गेला तरी चुकवणार नाहीत, आणि पाळी नसली तर जीव गेला तरी उठणार नाहीत.

त्यांनी त्याला पेज वाढली. तो खात होता तेवढ्यात उतारावरून माणसं येताना दिसली. अख्खा वाडा. शुभांगी, कृष्णनाथ, वाटेवर खुर्ची ठेवणारी ती बाई, आणि सगळ्यांच्या पुढं ऑफिसचे बूट चिखलात रुतवत गौरेश.

"कोण गेलां रे देवा?" काकी घाबरून म्हणाल्या.

"आमी दोगां हंय बसलंव," बाबली पेज गिळत म्हणाला. "आणि कोण जातला?"

गौरेश वास्कोहून कसा आला ते नंतर सगळ्यांनी मिळून सांगितलं. गटावर आकडे तर नव्हतेच, त्या दिवशी आई फोनही उचलेना, म्हणून तो कामावरून तसाच निघाला. घरी येऊन बघतो तर दार उघडं, मोबाईल भिंतीपाशी वाजतोय आणि कदेल रिकामी. त्यानं वाडा गोळा केला. प्रत्येक जण सांगत होता, काकी आमच्या दारातून गेली, आम्ही तिला बस म्हटलं. पण कुठं चाललीस, याचं उत्तर ऐकायला कुणी थांबलं नव्हतं.

गौरेशचा चेहरा पांढरा पडला होता. तो आईच्या समोर उभा राहिला. आता तो काय बोलणार ते काकींना पाठ होतं, आणि त्यावरची उत्तरंही. पण तो बोलण्याआधी त्याच बोलल्या.

"पुता, ह्येंच्यो गोळ्यो संपल्यो आसत. पयली त्यो हाड."

गौरेशनं बाबलीकाकाकडं पाहिलं. दुमडलेली बाही पाहिली. तो तसाच वळला आणि गाडी घेऊन पुलापलीकडं शिवोलीला औषधाच्या दुकानात गेला.

मग पायरीवर जी बैठक झाली तीत कृष्णनाथानं मान वर केली नाही. यंत्राला सुतक लागतं असं मी कधी म्हटलं नव्हतं, असं तो दोनदा म्हणाला. शुभांगीनं त्याला समजावलं, की तू एकटाच नाही, मीसुद्धा घरी बसून होते आणि बालवाडीत मुलांना शेजारधर्म शिकवत होते. साईशला फोन झाला. त्यानं यंत्र कपाटातून आणून दिलं, आणि ते पुन्हा देवळात ठेवायचं नाही असं ठरलं. माणसाचं यंत्र माणसाच्या घरात. कुणाच्या? इतका वेळ मानेनं बोलणारा बाबली म्हणाला, "वयनीकडे." आणि बाबलीनं रोज सांजेला स्वतःच्या पायांनी वर काकींकडं यायचं, आणि त्याला विचारायचं काम काकींचं. ती त्यांची पाळी. रोजची. यावर "काकी, तू बस" असं कुणी म्हटलं नाही.

आरोग्यकेंद्रातल्या डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी बाबलीला तपासलं, गोळ्या बदलून दिल्या आणि वाड्याला चार शब्द सुनावले. वाड्यानं ते निमूट ऐकून घेतले.

गौरेश त्या रात्री राहिला. आईनं वाढलेलं सुतकाचं बेचव जेवण जेवला. काकी वाट बघत होत्या, आता विषय काढील. त्यांनी उत्तरं मनात रांगेत उभी करून ठेवली होती. लिफ्टला हे उत्तर, डॉक्टरला ते. सकाळी चहा झाला. तो अंगणात जाऊन गाडी पुसून आला. मग आईच्या पायाशी बसला आणि म्हणाला, "आई, तू हंयच बरी आसस. मी परत विचारूचंय नाय."

काकींनी मान हलवली. जिंकल्या होत्या त्या. त्यांनी त्याच्या गाडीत सोलं ठेवली, नारळ ठेवले, लोणच्याची बरणी दोनदा कागदात गुंडाळून ठेवली. तो वाकून पाया पडला, त्यांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि हात थोडा जास्त वेळ तिथंच राहिला.

जनेलातून पूल दिसतो. गाडी पुलावर चढली, लहान झाली, पलीकडच्या माडांत शिरली. काकी गज धरून उभ्या होत्या. दोन वर्षं तो विचारत होता आणि त्या नको म्हणत होत्या. नको म्हणायलासुद्धा कुणीतरी विचारावं लागतं. आज त्यानं एकदा, नुसतं म्हणायचं म्हणून तरी, चल म्हणायला हवं होतं. त्या गेल्या नसत्याच.

शुभांगी यंत्र ठेवायला आली तेव्हा म्हणाली, आता आलेच आहे तर तुझाही आकडा बघते. पट्टा बांधला, यंत्र घुरघुरलं. शुभांगीनं आकडा वाचला, पुन्हा मोजला आणि भुवया चढवल्या.

"काकी, सुतकाआदी ठीक होतो. आज इतको कसो वाडलो? खरां सांग. लोणचां खाल्लंस मगे?"

काकी पुलाकडं बघत होत्या.

"खाल्लंय गो," त्या म्हणाल्या. "मस्त खाल्लंय."

आणि शुभांगी मिठाबद्दल जे काही बोलली, ते सगळं त्यांनी मान खाली घालून ऐकून घेतलं.